वाफेतली पाच मिनिटं

रविवारची सकाळ, साडेअकरा. हाँगकाँगच्या चिम शा चुई भागात, बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका मोठ्या हॉटेलातलं कँटोनीज रेस्तराँ नुकतंच उघडलंय. खिडकीबाहेर व्हिक्टोरिया बंदराचं करडं पाणी आणि पलीकडच्या सेंट्रलला निघालेल्या हिरव्या-पांढऱ्या स्टार फेरी. आत जाड गालिचा, ऑर्किडच्या कुंड्या, पावलांचा आवाज न करता फिरणारे वाढपी. खिडकीजवळच्या गोल टेबलाशी तीन पिढ्यांचं एक कुटुंब बसलंय. दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची आजीची. नऊ-दहा वर्षांचा नातू उठतो, चहादाणी दोन्ही हातांनी धरतो आणि पहिला पेला आजीचा भरतो. मग आजोबा, मग मामा-मामी, मग आई-बाबा. स्वतःचा पेला सगळ्यात शेवटी. आजी मामीशी बोलतेय, तिचं नातवाकडे लक्षही नाही. पण पेल्यात चहाची धार पडताच तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकतात आणि टेबलावर दोनदा हलकेच वाजतात. टक टक. बोलणं तुटत नाही.

‘पंगत’ हा यंदाच्या अंकाचा विषय. पंगत म्हटली की आपल्याला केळीची पानं, डाव्या बाजूचं मीठ-लिंबू आणि वाढप्यांची लगबग आठवते. कँटोनीज माणसाची पंगत गोल टेबलाभोवती बसते, सकाळी किंवा दुपारी बसते, आणि तिचं नाव जेवणावरून पडलेलं नाही. तिला म्हणतात ‘याम चा’, म्हणजे चहा पिणं. टोपल्यांमधून येणारे ते छोटे छोटे पदार्थ म्हणजे ‘डिम सम’. शब्दाची फोड केली तर हृदयाला स्पर्श करणारं. पोट भरणारं नव्हे, मनाला टेकून जाणारं.

हेच डिम सम गल्लीतल्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसूनही मिळतं आणि पंचतारांकित हॉटेलात रेशमी रुमाल मांडीवर घेऊनही. पदार्थांची नावं तीच, आकारही जवळपास तोच. गल्लीत कोळंबीच्या हार गाऊची टोपली तीस-चाळीस हाँगकाँग डॉलरना मिळते. अशा हॉटेलात तिला शंभरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त पडतात. हाँगकाँग डॉलर म्हणजे साधारण दहा-बारा रुपये, तेव्हा हिशेब करायला कागद लागत नाही. वर माणशी चहाचे पैसे आणि दहा टक्के सेवाशुल्क. एवढा फरक नेमका कशाचा, हे पाहायचं तर आधी चहापासूनच सुरुवात करावी लागते.

आधी चहा सांगा

टेबलाशी बसल्याबरोबर वाढपी पहिला प्रश्न विचारतो तो खाण्याचा नसतो. कुठला चहा? पदार्थांची यादी उघडायच्या आधी याचं उत्तर द्यावं लागतं. बहुतेक टेबलांवरून ‘पो लेय’ असं ऐकू येतं. युन्नान प्रांतातला हा चहा मुरवलेला, काळपट, ओल्या मातीच्या वासाचा. तेलकट, चरबीयुक्त खाण्यावर तो बरा, असं कँटोनीज घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. कुणी त्यात वाळलेली शेवंती घालून मागतो. कुणाला मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांचा वास दिलेला ‘हिउंग पिन’ हवा असतो, कुणाला तिट क्वुन याम. मोठ्या हॉटेलात चहाची वेगळी यादी असते आणि ती वाइनच्या यादीसारखी वाचायची असते: कुठला डोंगर, कुठलं साल, किती वर्षं मुरलेला. काही ठिकाणी फक्त चहा पाहणारा जाणकार नेमलेला असतो. पहिलं पाणी तो पानांवर ओततो आणि टाकून देतो, पानं जागी व्हावीत म्हणून. प्यायचा चहा दुसऱ्या पाण्यापासून.

साध्या चहाघरात लोक हाच पहिला चहा मोठ्या वाडग्यात ओतून त्यात आपले पेले आणि काड्या विसळतात. इथे कुणी तसं करत नाही. केलं तर भांडी स्वच्छ नाहीत असं म्हटल्यासारखं होतं. बाकीचे संकेत मात्र गल्लीत आणि हॉटेलात अगदी सारखे. चहा ओतणाऱ्यानं थोरांपासून सुरुवात करायची. चहादाणीची तोटी कुणाच्या अंगावर रोखायची नाही. पाणी संपलं तर हाका मारायच्या नाहीत, चहादाणीचं झाकण अर्धवट सरकवून ठेवायचं. वाढपी येतो आणि गरम पाणी भरून जातो.

बोटं वाजवण्यामागे एक दंतकथा आहे. अठराव्या शतकातला छ्यानलुंग सम्राट वेष पालटून दक्षिणेत हिंडत असताना त्यानं एका चहाघरात आपल्याच सेवकाच्या पेल्यात चहा ओतला. सेवकाला दंडवत तर घालायला हवा, पण घातला तर राजा ओळखला जाणार. म्हणून त्यानं दोन बोटं गुडघ्यांसारखी वाकवून टेबलावर टेकवली. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, खूण आजही रोज लाखो टेबलांवर वापरात आहे, कारण ती सोयीची आहे. तोंडात घास असताना आभार मानता येतात, चाललेलं बोलणं थांबवावं लागत नाही.

शेजारच्या टेबलाशी ठाण्याची एक मायलेकींची जोडी बसली होती. लेक गेली पंधरा वर्षं हाँगकाँगात नोकरी करते, आई पहिल्यांदाच आली आहे. लेकीनं चहा ओतला तसं आईनं सवयीनं विचारलं, “दूध?” 

“आई, हा असाच पी. साखरही नाही.” 

आईनं घोट घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि म्हणाली, “काढा नाहीये गं. चांगला आहे.” 

‘चा’ हा शब्द तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. आपला ‘चहा’ मुळात इथलाच. कँटोनीज लोक आजही त्याला ‘चा’ म्हणतात.

तेरा चुण्या

डिम समच्या दुनियेत चौघांना राजे मानतात: हार गाऊ, सिऊ माय, चार सिऊ बाऊ आणि अंड्याचा टार्ट. पैकी हार गाऊ हा परीक्षा घेणारा राजा. नव्या रेस्तराँत गेलेलं जाणतं गिऱ्हाईक आधी तोच मागवतं आणि बाकीची यादी त्यानंतर ठरवतं. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वांगझूच्या नदीकाठी, वू छुन या गावाकडच्या एका चहाघरात जन्मला, असं सांगतात. ग्वांगझू म्हणजे जुनं कँटन. नदीतली ताजी कोळंबी दाराशीच मिळायची.

ही पारी कशी होते हे मराठी स्वयंपाकघराला चटकन कळेल, कारण ती उकडच आहे. फरक पिठाचा. आपण तांदळाची पिठी घेतो. हे लोक गव्हाच्या पिठातून ग्लूटेन धुऊन काढल्यावर उरतं ते सत्त्व घेतात आणि त्यात टॅपिओकाचं किंवा बटाट्याचं सत्त्व मिसळतात. त्यावर खळखळतं पाणी एका दमात ओतायचं, झाकण ठेवून वाफ मुरू द्यायची आणि मग थोडी चरबी लावून मळायचं. पाणी जरा निवलं असेल तर उकड जमत नाही, पुढे कितीही मळा. ठाण्याच्या त्या आईंनी टोपलीचं झाकण उघडल्यावर पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच: “अगं, ही तर उकडीची पारी.”

पुढची वाट मात्र वेगळी. मोदकाची पारी आपण बोटांनी, तळहातावर फिरवत करतो. हार गाऊची पारी सुरीनं होते. रुंद, जाड, मुद्दाम बोथट ठेवलेलं पातं तेलाच्या फडक्यावर पुसायचं, सुपारीएवढ्या गोळ्यावर आडवं टेकवायचं आणि मनगटाला अर्धा वेढा देत दाबायचं. एकाच हालचालीत गोल चकती तयार. ती सगळीकडे सारख्या जाडीची नसते. ज्या बाजूला चुण्या पडणार ती कड जास्त पातळ ठेवतात, नाहीतर चुण्या एकावर एक चढून तिथे कणकेसारखी गाठ राहील. बाकीची उकड ओल्या फडक्याखाली, कारण तिला वारा लागला की ती तडकते. हे ज्ञान गणेश चतुर्थीच्या सकाळी आपल्याकडेही प्रत्येक घरात असतं.

चकती डाव्या हातात. सारण थंडगार, शीतकपाटातून थेट आलेलं: कोळंबी, डुकराच्या चरबीचे तांदळाएवढे तुकडे, बांबूचे कोंब, पांढरी मिरी, तिळाचं तेल. कोळंबीला आधी किंचित क्षार चोळून थंड वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतलेलं असतं, म्हणून ती दाताखाली कुरकुरते. मग उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एकाच बाजूच्या कडेला चुण्या घालत जातात. दुसरी बाजू सपाट राहते. त्यामुळे चुण्या पडतील तसा आकार आपोआप वळतो आणि जुन्या पद्धतीच्या वाकड्या कंगव्यासारखा दिसू लागतो. चिनी भाषेत त्याचं एक नाव ‘वाकडा कंगवा’ असंच आहे. सातापेक्षा कमी चुण्या असतील तर उस्ताद तोंड वाकडं करतो. दहा चांगल्या. तेरा म्हणजे हात बसला. एकेक हार गाऊ काही सेकंदांत होतो, आणि सेकंदच हवेत. रेंगाळलं तर हाताच्या उबेनं उकड चिकट होते.

टोपली वाफेवर जेमतेम पाच मिनिटं. पांढरट पारी वाफेत पारदर्शक होते आणि आतली कोळंबी गुलाबी दिसू लागते. खाणाऱ्याच्या परीक्षा दोन: काडीनं उचलताना पारी फाटता कामा नये, आणि चावताना ती दाताला चिकटता कामा नये. एकीला ताकद हवी, दुसरीला कोवळेपणा, आणि दोन्ही एकाच उकडीतून काढायचं.

गाडी गेली, घड्याळ आलं

जगभर डिम सम म्हटलं की लोकांना ढकलगाड्या आठवतात. टोपल्यांचे मनोरे रचलेल्या, वाफाळणाऱ्या गाड्या टेबलांमधून फिरतायत, ढकलणाऱ्या बायका पदार्थांची नावं पुकारतायत, गिऱ्हाईक बोट दाखवून टोपली उतरवून घेतंय. सेंट्रलच्या सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये हे दृश्य अजून पाहायला मिळतं आणि रविवारी तिथे रांग लागते. त्यातली मौज खरी आहे. पण उंची रेस्तराँतून गाड्या गेल्या, आणि त्या का गेल्या याचं उत्तर हार गाऊच्या पारीत आहे.

वाफेवरून उतरल्यावर ती पारी फार तर काही मिनिटं जगते. थंड झाली की पिठातलं सत्त्व पुन्हा आवळतं. पारी धुरकट होते, कडक होते, कडेला चिरते. उलट गाडीवर वाफेत राहिली तर ओल पिऊन लिबलिबीत होते. चौथ्या टेबलाला मिळालेला हार गाऊ आणि चौदाव्या टेबलाला मिळालेला हार गाऊ हे दोन वेगळे पदार्थ असतात. म्हणून अशा ठिकाणी कागदावर किंवा वाढप्याला सांगून मागणी दिली जाते, आणि टोपली मागणीनंतरच वाफेवर चढते. सगळ्या टोपल्या एकदम येत नाहीत. आधी हलकं, उकडलेलं; मग सोयाबीनच्या काळ्या आंबवलेल्या दाण्यांतले कोंबडीचे पंजे किंवा फासोळ्या; मग तळलेलं, भाजलेलं; शेवटी गोड. मुख्य वाढपी टेबलाकडे तिरकी नजर ठेवून असतो. बोलणं रंगलंय, काड्या खाली आहेत असं दिसलं तर तो आत खूण करतो आणि पुढची टोपली मिनिटभर थांबते.

टोपली बांबूचीच असते, यालाही कारण आहे. धातूच्या झाकणावर वाफेचं पाणी होऊन थेंब खाली टपकतात आणि बाऊवर डाग पडतात. विणलेला बांबू ती ओल पिऊन घेतो, थोडी बाहेर सोडतो. मोदकपात्राच्या झाकणाला आतून फडकं बांधणाऱ्या आजींना हे सांगायला नको.

पैशांचा फरक बराचसा इथे आहे. कोळंबी चांगली असते हे खरं, पण हजार रुपयांची टोपली कोळंबीनं होत नाही. हातानं वळणारी माणसं, मागणीपुरतंच वाफवणं आणि स्वयंपाकघर ते टेबल हे अंतर मिनिटात कापणारे पाय, यांचे ते पैसे. स्वस्त दुकानांत बऱ्याचदा माल कारखान्यातून गोठवून आलेला असतो. फोडायचा आणि वाफवायचा. तोही भूक भागवतो. मात्र त्याच्या चुण्या मोजल्या तर सगळ्या हार गाऊंच्या सारख्या निघतात.

उंची रेस्तराँत आणखी एक गोष्ट वाढली आहे आणि तिच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं: महागडे जिन्नस. सिऊ मायवर अबलोनी, डंपलिंगमध्ये लॉबस्टर, वर सोन्याचा वर्ख. काही जोड्या खरोखर जमल्या आहेत. १९८०च्या दशकात हाँगकाँग भरभराटीला आलं तेव्हा इथल्या उस्तादांनी सुकवलेले शिंपले, सुकट, मुरवलेलं हॅम आणि मिरच्या तेलात परतून एक्सओ सॉस काढला. त्यात कोन्याक नसते. उंची कोन्याकवरची ती दोन अक्षरं त्या काळच्या हाँगकाँगात श्रीमंतीची खूण होती, म्हणून सॉसला नाव पडलं. ओव्याएवढा सॉस मुळ्याच्या वडीला वेगळीच उंची देतो. पण सोन्याच्या वर्खाला चव नाही. उकड बिघडलेली असेल तर लॉबस्टर ती झाकू शकत नाही.

हसणारा बाऊ

चार सिऊ बाऊ टेबलावर आला तेव्हा पलीकडच्या नातवानं टाळी वाजवली. पांढराशुभ्र, कापसासारखा, वरून तीन ठिकाणी उकललेला, आणि उकललेल्या फटीतून डोकावणारं मधाळ, लालसर सारण. याला कँटोनीज लोक ‘हसलेला’ म्हणतात. न उकललेला बाऊ म्हणजे चुकलेला. फार उकलून सारण वाहिलं तरी चुकलेला. हसू नेमकं हवं.

हे हसू घडवायला काही दिवस लागतात. कमी ग्लूटेनचं, ब्लीच केलेलं मऊ पीठ आंबवायला आदल्या पिठाचा गोळा विरजणासारखा राखून ठेवतात. तो आंबट होऊन चालत नाही, म्हणून क्षार घालून तोल साधतात. शेवटी बेकिंग पावडर आणि बेकरीतला अमोनिया. भरपूर वाफेचा झटका बसला की पीठ वर उसळतं आणि जिथे तोंड मिटलं असेल तिथून फुटतं. वाफ कमी पडली तर बाऊ गप्प बसतो. आतलं मांस आधीच मधाचा लेप लावून भट्टीत टांगून भाजलेलं असतं. भट्टीचा विभाग वेगळा, डिम समचा वेगळा, कढईचा वेगळा. एका टोपलीत दोन विभागांची मेहनत असते.

पाण्यात दळलेल्या तांदळापासून होणारा चेउंग फन हा आपल्या घावनाचा वाफेवरचा भाऊ. ओल्या कापडावर किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये पातळ थर ओतायचा, मिनिटभर वाफ द्यायची आणि सोडवून घ्यायचं. आत कोळंबी घालून गुंडाळायचं, वर गोडसर सोया. सध्या लाल तांदळाचा प्रकार लोकप्रिय आहे: मऊ पारीच्या आत तळलेलं कुरकुरीत जाळं आणि त्याच्या आत कोळंबी. एका घासात तीन पोत.

ठाण्याच्या आई मासे-कोंबडी खातात, डुक्कर आणि गोमांस नाही. लेकीनं आरक्षण करतानाच तसं कळवलं होतं आणि तेच शहाणपण, कारण पदार्थाच्या नावावरून काही कळत नाही. कोळंबीच्या हार गाऊत डुकराची चरबी असते. मुळ्याच्या वडीत सुकवलेलं सॉसेज. अंड्याच्या टार्टच्या खुसखुशीत पापुद्र्यांतही बऱ्याच ठिकाणी लार्ड. शाकाहारी माणसानं ‘भाज्यांचं आहे ना?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ असं येईल आणि रस्सा हाडांचा निघेल. बौद्ध परंपरेतला पूर्ण शाकाहार वेगळा आणि कँटोनीज स्वयंपाक्यांना तो उत्तम येतो. अळंबी, कमळाचा देठ, सोयाच्या पट्ट्या यांत तो सुरेख खुलतो. पण तो मागावा लागतो, आणि चांगल्या ठिकाणी दोन दिवस आधी सांगितलेलं त्यांना आवडतं. या टेबलासाठी हार गाऊ चरबीशिवाय वळलेले होते. लेकीच्या मते थोडे कोरडे. आईंच्या मते, उत्तम.

मुंबईची वाट

या हॉटेलपासून चालत पाच-दहा मिनिटांवर मोडी रोड आहे. होरमसजी मोडी हे मुंबईचे पारशी. एकोणिसाव्या शतकात ते हाँगकाँगला आले, व्यापारात मोठे झाले, आणि हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली, कोनशिला १९१०ची. खिडकीबाहेर जी स्टार फेरी दिसते तिची सुरुवातही दोराबजी नवरोजी या पारशी उद्योजकाची. त्याआधीच्या काळात मुंबईची जहाजं कापूस आणि माळव्याची अफू घेऊन कँटनला जात आणि चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परतत. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी याच वाटेवरच्या फेऱ्या केल्या. मुंबईच्या कितीतरी इमारतींच्या पायात या व्यापाराचा पैसा आहे, आणि अफूनं चीनमध्ये काय केलं हेही त्याच हिशेबात लिहिलेलं आहे.

उलट दिशेनं कँटोनीज माणसंही मुंबईला आली. माझगावात, डॉकयार्डच्या जवळ, एका साध्या घराच्या वरच्या मजल्यावर क्वान ताई या देवाचं देऊळ आहे. त्याच्या नावातला ‘सी यिप’ म्हणजे चार परगणे, ग्वांगडाँग प्रांतातले. तिथल्या दर्यावर्दी लोकांनी १९१९ मध्ये ते बांधलं. मुंबईनं मात्र चिनी जेवण स्वतःच्या जिभेनं घडवलं: मांचुरियन, शेजवान, हक्का नूडल्स. त्यात वाफेच्या टोपलीला फारशी जागा नव्हती. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११च्या अखेरीस लंडनच्या याउआचाची शाखा आली, तेव्हा उंची डिम सम शहरात ठळकपणे दिसू लागलं. तिथल्या यादीत शाकाहारी टोपल्यांना भरपूर जागा मिळाली, ती मुंबईच्या गिऱ्हाइकाची मागणी. आता लग्नाच्या बुफेपर्यंत डिम सम पोचलंय, जरी तिथे त्या नावाखाली बहुधा मोमो असतो. मोमो हिमालयाचा, मैद्याच्या पारीचा. त्याचं गोत्र वेगळं आणि त्याची चवही आपल्या जागी चांगली.

तारे

२००८च्या डिसेंबरात मिशेलिननं हाँगकाँग आणि मकाऊची आपली पहिली पुस्तिका काढली. सेंट्रलच्या फोर सीझन्स हॉटेलातलं लुंग किंग हीन तीन तारे मिळवणारं जगातलं पहिलं चिनी रेस्तराँ ठरलं. मुख्य उस्ताद चान यान-ताक निवृत्ती घेऊन घरी बसले होते. या हॉटेलसाठी त्यांना परत बोलावलं गेलं. त्यांच्या लॉबस्टर-स्कॅलपच्या डंपलिंगसाठी लोक महिना महिना आधी टेबल धरू लागले. २०२३च्या पुस्तिकेत एक तारा गेला, टेबलं भरतच राहिली.

पण त्या स्वयंपाकघराची सगळ्यात बोलकी गोष्ट बाहेर घडली. तिथे डिम सम करणारे माक क्वाय-पुई बाहेर पडले आणि २००९ मध्ये त्यांनी एका जोडीदारासह माँग कॉकच्या गर्दीत वीसेक माणसं बसतील एवढं दुकान काढलं, टिम हो वान. भाजलेला चार सिऊ बाऊ, वर साखरेचा खुसखुशीत पापुद्रा. पुढच्याच पुस्तिकेत दुकानाला एक तारा मिळाला आणि फुटपाथवर तासन्‌तास रांगा लागल्या. हात तेच, पीठ तेच. गालिचा, बंदराचा देखावा आणि पेले भरणारी माणसं वजा. तिथे टोपली मागणीनंतरच वाफेवर चढत असे, म्हणून ते जमलं. हॉटेलात जे विकत मिळतं त्यातला गाभा कुठला आणि सजावट कुठली, हे त्या दुकानानं उघड्यावर मांडून दाखवलं.

पुढे टिम हो वानच्या देशोदेशी शाखा झाल्या. उलट सेंट्रलच्या वेलिंग्टन रस्त्यावरचं जुनं लिन हेउंग चहाघर, जिथे अनोळखी माणसं एका टेबलाला बसून गाडीवरच्या टोपलीसाठी उठून धावत, ते २०२२ मध्ये बंद पडलं. साथीच्या काळानं पुष्कळ चहाघरांचा कणा मोडला होता. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. दरम्यान २०२३ मध्ये सीमा खुली झाल्यापासून हाँगकाँगची कुटुंबं शनिवार-रविवारी गाडीत बसून सीमेपलीकडे शेन्झेनला जातात; तिथे हीच पंगत निम्म्याच्या आसपास पैशांत होते. हाँगकाँगचे उंची हॉटेलवाले याची धास्ती बाळगून आहेत.

पहाटेचे हात

अशा हॉटेलात डिम सम रात्री का मिळत नाही, असा प्रश्न पाहुणे नेहमी विचारतात. कारण तोवर ते करणारी माणसं झोपलेली असतात. त्यांचा दिवस पहाटे चार-पाचला सुरू होतो. सारणं कालवायची, पीठ उठवायचं, कोंबडीचे पंजे तळून बर्फाच्या पाण्यात टाकायचे म्हणजे कातडी सुरकुतते, मग तासन्‌तास शिजवायचे. अकरापर्यंत सगळं वळून तयार हवं. दुपारी अडीचनंतर शेवटची टोपली जाते आणि स्वयंपाकघराचा हा कोपरा पुसून कोरडा होतो.

शिकायचा क्रम जुन्या तालमीसारखा. नवखा आधी भाज्या धुतो, कोळंबी सोलतो, टोपल्या घासतो. मग वाफेच्या चुलीवर उभा राहतो आणि कुठली टोपली किती वेळ हे अंगवळणी पाडतो. मग तळण, मग भट्टी, मग सारण. पीठ आणि वळण्याच्या फळीपाशी पोचायला वर्षं जातात. उस्तादाला सगळे ‘सिफू’ म्हणतात. पूर्वी सिफू प्रमाण सांगत नसत. हातात पीठ देत आणि ‘हे असं’ म्हणत. २००० साली हाँगकाँगात चिनी पाककलेची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिथे प्रमाणं ग्रॅममध्ये शिकवतात आणि प्रमाणपत्रं मिळतात. तरीही पहाटे चारला उठायला तयार असलेली पोरं कमी पडतात. वातानुकूलित कार्यालयांच्या शहरात वाफेपुढे दहा तास उभं राहणं कुणाला नको असलं तर त्यांना दोष देता येत नाही.

या रेस्तराँच्या एका बाजूला काचेची अरुंद खिडकी आहे. आत पन्नाशीतला एक सिफू फळीपाशी वळत होता. मनगटावर भाजल्याच्या जुन्या, फिकट खुणा. तो हातांकडे पाहत नव्हता. त्याची नजर शेजारच्या मुलीच्या हातांवर होती. तिनं वळलेला हार गाऊ त्यानं उचलला, उजेडात धरला, चुण्यांवरून नख फिरवलं आणि काही न बोलता उकडीच्या गोळ्यात परत दाबून टाकला. मुलीनं नवी चकती घेतली.

पावणेतीन

पलीकडच्या टेबलावर बिलावरून गोड भांडण पेटलं होतं. मामा पाकीट काढतोय, बाबा त्याचा हात धरतायत, आणि हसत उभा असलेला व्यवस्थापक दोघांनाही सांगतोय की बिल भरून झालंय. आजोबांनी आत येतानाच आपलं कार्ड त्याच्याकडे देऊन ठेवलं होतं. नागपूर-कोल्हापूरच्या हॉटेलात हा प्रसंग जसाच्या तसा बसेल.

शेवटच्या टोपलीत एक हार गाऊ उरला होता. उशीर झाल्यानं पारी धुरकट व्हायला लागलेली. कुणी घेईना. आजीनं वाढायच्या काड्यांनी तो उचलला आणि नातवाच्या वाडग्यात ठेवला. त्यानं तो एका घासात तोंडात टाकला आणि गाल फुगवून चावत राहिला.

माणसं उठायच्या बेतात होती, पण मामीनं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि सगळे पुन्हा खुर्चीला टेकले. नातवानं हात लांब करून चहादाणीचं झाकण थोडं सरकवलं. वाढपी आला आणि गरम पाणी भरून गेला.